वैराचे बीज

डहाणू-तलासरीच्या व्यापारी कुटुंबांसाठी मोठ्या पडद्यावरचा इंग्रजी चित्रपट म्हणजे एक छोटा प्रवासच असतो. तलासरीकरांना महामार्गाने वापी जवळ पडते. डहाणूकरांना २०१३ पासून लोकल मिळू लागल्याने विरार सोयीचे झाले. दुकान कोणावर सोपवायचे आणि चौविहार असणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वी घरी कसे पोहोचायचे, हे दोन प्रश्न सुटल्यावरच तिकिटे काढली जातात. मे २०२४ मध्ये आलेला ‘फ्युरिओसा’ मध्यंतर धरून पावणेतीन तासांच्या आसपास जातो; अशा चित्रपटाला दुपारचा खेळच बरा.

दिग्दर्शक जॉर्ज मिलर हे मूळचे डॉक्टर. त्यांच्या २०१५ च्या ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’मध्ये फ्युरिओसा नावाची एक हाताची, अबोल, कठोर स्त्री होती. ती अशी का झाली, हे त्या चित्रपटाने सांगितले नव्हते. नवा चित्रपट नेमके तेच सांगतो. आधी घडलेली कथा नंतर सांगण्याच्या या प्रकाराला ‘प्रीक्वेल’ म्हणतात. शब्द नवा असला, तरी जैन घरातील मुलाला ही रीत पाठशाळेतच परिचित झालेली असते. भगवान महावीरांच्या कानांत गोपालकाने शलाका ठोकल्या, हा प्रसंग ऐकून मूल ‘का?’ असे विचारते. आणि उत्तरासाठी त्रिपृष्ठ वासुदेवाच्या भवापर्यंत मागे जावे लागते, जिथे शय्यापालकाच्या कानांत तप्त शिसे ओतविले गेले होते. पूर्वभवाशिवाय वर्तमानाचा हिशेब जुळत नाही.

चित्रपटातील काळ भविष्यातला आहे. पृथ्वी वाळवंट झाली आहे आणि तीन ठाणी उरली आहेत : एकाकडे पाणी व अन्न, दुसऱ्याकडे पेट्रोल, तिसऱ्याकडे बंदुकीच्या गोळ्या. तिघांचे एकमेकांवाचून चालत नाही, म्हणून वाहनांचे तांडे मालाची ने-आण करतात. अदलाबदलीचे हे गणित व्यापारी प्रेक्षकाला चटकन उमगते, आणि त्यातील भीषणताही. कारण एका सौद्यात मालाबरोबर एक मुलगीही दिली जाते. ती मुलगी फ्युरिओसा. आणि पाण्याचा साठा ज्याच्या हाती, तो तिथे देव होऊन बसतो. सूर्या नदीचे पाणी दूरच्या शहरांकडे जात असताना पाड्यांवरील स्त्रियांना डोक्यावर हंडे वाहताना पाहिलेल्या डहाणूकराला हे फार दूरचे भविष्य वाटणार नाही.

फ्युरिओसाचे बालपण एका हिरव्या, फळांनी लगडलेल्या प्रदेशात गेलेले आहे. तिथून डिमेंटस या टोळीप्रमुखाची माणसे तिला पळवून नेतात. सोडवायला आलेली आई तिच्या हातात पीच फळाची एक बी ठेवते आणि लेकीच्या डोळ्यांसमोर मारली जाते. पुढची सारी वर्षे मुलगी दोन गोष्टी जपते : ती बी आणि ते वैर. मात्र डिमेंटसही अंगावर एक जुने खेळण्यातले अस्वल बाळगून असतो. ते त्याच्या गमावलेल्या मुलांचे. म्हणजे त्यालाही पूर्वकथा आहे. चित्रपटाचे हे सर्वांत प्रामाणिक स्थळ.

इथे कमठ आणि मरुभूती आठवल्यावाचून राहत नाहीत. ते सख्खे भाऊ. अपराधाची शिक्षा होऊन तापस झालेल्या कमठाची क्षमा मागायला मरुभूती स्वतः गेला, आणि कमठाने त्याच्या मस्तकावर शिळा घातली. ते वैर दहा भव चालले. अखेर कमठाचा जीव मेघमाली झाला आणि त्याने मुसळधार वृष्टी केली. धरणेंद्राने फणा धरली. पण पार्श्वनाथ प्रभूंची दृष्टी त्रास देणाऱ्यावर आणि रक्षण करणाऱ्यावर सारखीच राहिली. वैर संपले ते एका बाजूने ते धरायचेच नाकारले म्हणून.

फ्युरिओसा मात्र ते धरून ठेवते. शेवटी शत्रू तिच्या हाती सापडतो, तेव्हा त्याला मारूनही बालपण आणि आई परत मिळणार नाही, हे तिला कळून चुकते. तरीही चित्रपटातील वृद्ध कथेकरी तिच्या तोंडून ऐकलेला शेवट सांगतो : आईने दिलेली बी तिने जिवंत डिमेंटसच्या देहात रुजवली आणि त्याच्या रक्तमांसावर झाड वाढले. दिग्दर्शकाला यात काव्यात्म न्याय दिसला असावा. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या प्रेक्षकाला मात्र आईच्या मायेची बी असल्या मातीत पडलेली पाहवत नाही. तरुण मुले इथे टाळ्या वाजवतात. त्यांना रागावण्यापेक्षा, संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना ज्याच्याशी खरेच वैर आहे त्याचे नाव ओठांवर येते का, हे घरी बसून बोलणे अधिक उपयोगाचे. आणि हा प्रश्न वडीलधाऱ्यांनाही टाळता येणारा नाही. भागीदारी मोडल्यावर वर्षानुवर्षे एकमेकांची पायरी न चढणारे भाऊ कोणत्या बाजारपेठेत नसतात?

हिंसेची दृश्ये पुष्कळ असल्याने लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नये. मोठ्यांनी पाहिल्यास त्यामागोमाग ‘फ्युरी रोड’ही अवश्य पाहावा. तो आधी आला असला, तरी कथेत पुढचा आहे. आणि हीच फ्युरिओसा बंदिवासातील स्त्रियांना घेऊन निघते, नंतर त्याच गडावर परतते, आणि कोंडलेले पाणी खाली उभ्या असलेल्या तहानलेल्या लोकांसाठी सोडले जाते, ते त्यात आहे.