वातावरण चांगले, पण कोणासाठी?

'आमच्याकडे घरच्यासारखं आहे,' असे वडशातल्या राईस मिलमधला पुरुष कामगार सहज सांगेल. तिथेच राबणारी बाई उत्तराआधी इकडेतिकडे पाहील. दोघेही खोटे बोलत नाहीत; तो ज्या थट्टेवर हसतो, ती तिच्यावरच असते. म्हणूनच 2013 चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा वर्तन तिला नकोसे होते का, हे पाहतो. करणाऱ्याचा हेतू व्याख्येत येतच नाही.

10 हून कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर 3 महिन्यांत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. पण मजुरी बुडवून गडचिरोलीला कोण जाणार? त्यासाठी कायद्यात तालुक्याला नोडल अधिकारी आहे. त्याने तक्रार 7 दिवसांत पुढे पाठवायची असते. देसाईगंजचा हा अधिकारी कोण, ते तहसीलमध्ये विचारा आणि नाव विहाराच्या फलकावर लावा.