पाहुणे विद्यार्थी, माती आणि माणसे : परदेशातील अभ्याससत्राची ओळख

आपल्या धर्मग्रामांत, शाळांत किंवा सामाजिक संस्थांत अधूनमधून परदेशी विद्यार्थ्यांचा एखादा गट येतो. पाठीवर पिशव्या, हातात वही आणि ओठांवर नुकताच शिकलेला 'नमस्कार' घेऊन आलेली ही मुले चार-दोन दिवस गावात वावरतात. कधी टेकडीवर चर खोदतात, कधी शेणाने सारवायला शिकतात. ती निघून गेल्यावर गावातील ज्येष्ठ मंडळी हमखास विचारतात, "ही मुले नेमकी कशासाठी आली होती? फिरायला, सेवा करायला की शिकायला?"

प्रश्न रास्त आहे. या तिन्ही गोष्टी त्यांच्या येण्यात असतात. मात्र त्यांपैकी पहिले स्थान कोणत्या गोष्टीला मिळते, यावर पाहुण्यांचे आणि यजमानांचेही हित अवलंबून असते. म्हणून या उपक्रमाचे स्वरूप वाचकांनी समजून घ्यावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

अभ्याससत्र म्हणजे काय?

महाविद्यालयीन शिक्षणाचा काही काळ परक्या देशात घालवण्याची प्रथा जुनी आहे. १९२३ साली अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाने आठ विद्यार्थ्यांना एका वर्षासाठी फ्रान्सला पाठवले. अशा संघटित उपक्रमांची सुरुवात बहुधा तेथूनच मानली जाते. युरोपातील देशांनी १९८७ साली 'इरॅस्मस' ही विद्यार्थी-देवाणघेवाणीची योजना सुरू केली.

अमेरिकन महाविद्यालयाचे एक सत्र सुमारे पंधरा आठवड्यांचे असते. पहिले ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत आणि दुसरे जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत चालते. एवढा काळ विद्यार्थी परदेशात राहतात आणि तेथील अभ्यास त्यांच्या पदवीसाठी गणला जातो. त्यांत प्रवास, निसर्गसंवर्धनाचे प्रत्यक्ष काम आणि स्थानिक लोकांच्या घरात राहून त्यांची भाषा व चालीरीती शिकणे, अशी तिहेरी गुंफण असते. पर्यटक आठ दिवसांत दहा ठिकाणे पाहतो, तर अशा विद्यार्थ्याने एकच ठिकाण पंधरा आठवडे पाहावे, अशी अपेक्षा असते.

पुण्याचा अनुभव

महाराष्ट्राला हा प्रयोग नवा नाही. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील महाविद्यालयांच्या एका संघाने १९६९ साली पुण्यात भारतविषयक अभ्यासाचा उपक्रम सुरू केला आणि तो अनेक वर्षे चालला. विद्यार्थी मराठी कुटुंबांत राहत, मराठी शिकत आणि स्वतः निवडलेल्या एखाद्या विषयाचा अभ्यास करत. सकाळी वर्गात शिकलेले वाक्य संध्याकाळी यजमान घरातल्या आजींसमोर बोलून पाहायचे, हीच त्यांची खरी परीक्षा असे.

या उपक्रमाशी निगडित असलेल्या डॉ. एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकरांची चळवळ, दलित साहित्य आणि संत चोखामेळा यांविषयी आयुष्यभर संशोधन केले. मराठी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी पाठ्यसाहित्य तयार करणाऱ्या डॉ. मॅक्सीन बर्नसन भाषेच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या आणि तेथेच रमल्या. १९७८ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले आणि १९८४ साली प्रगत शिक्षण संस्थेची स्थापना केली. परदेशातून आलेल्या एका अभ्यासिकेने फलटणच्या मुलांना मातृभाषेत उत्तम वाचता-लिहिता यावे म्हणून आयुष्य वेचले. अर्थात प्रत्येक पाहुणा असा राहून जात नाही, जाऊही नये. पण भाषेच्या दारातून आत आलेल्या माणसाचे गावाशी वेगळेच नाते जुळते.

आपल्याला तर हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात उतरले. त्यांनी येथील भाषा अशी आत्मसात केली की १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत छापले गेले. बोलण्यापूर्वी त्यांनी ऐकले, आणि शिकवण्यापूर्वी ते शिकले.

काम कशाचे?

निसर्गसंवर्धन म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर वृक्षारोपणाचा समारंभ येतो. दुष्काळी महाराष्ट्रात मात्र या कामाचा पाया पाणलोट क्षेत्राचा विकास हा आहे. पावसाचे पाणी डोंगराच्या माथ्यावर अडवायचे, उतारावर जिरवायचे आणि उरलेले पायथ्याशी साठवायचे, असा याचा क्रम आहे. 'माथा ते पायथा' हे सूत्र त्यातूनच रूढ झाले.

या कामाशी आपल्या धर्मसभेचे जवळचे नाते आहे. फादर हर्मन बाखर हे स्विस येशूसंघीय १९४८ साली भारतात आले. नगर जिल्ह्यातील शेतकऱ्यांमध्ये त्यांनी अनेक दशके काम केले आणि लोक त्यांना 'बाखर बाबा' म्हणू लागले. १९८९ साली सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची कल्पना त्यांची. फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी १९९३ साली वॉटर ही संस्था उभी केली. त्यांच्या कार्यपद्धतीचा एक दंडक ध्यानात घेण्याजोगा आहे. गावाने आधी स्वतः श्रमदान करून दाखवावे, मोकाट चराई आणि वृक्षतोड थांबवण्याचे ठरवावे आणि मगच बाहेरून निधी यावा. गावाची इच्छा हीच या कामाची पहिली अट होती.

अशा कामात पाहुण्या विद्यार्थ्यांना काय करता येते? एक साधे उदाहरण पाहू. उतारावर समान उंचीची रेषा आखण्यासाठी 'ए-फ्रेम' वापरतात. दोन लांब काठ्या आणि एक आडवी काठी बांधून ती तयार होते. वरच्या टोकाला दोरीने दगड टांगतात. दगडाची दोरी आडव्या काठीवरील मधल्या खुणेवर स्थिरावली की दोन्ही पाय एकाच पातळीवर आहेत असे समजावे. ही चौकट पुढे सरकवत गेले की समतल रेषा मिळते आणि त्या रेषेवर चर खणतात. हे शिकायला अर्धा तास पुरतो, पण त्या अर्ध्या तासात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला कळते की ज्ञान केवळ प्रयोगशाळेत नसते.

आता थोडे गणित. तीन मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा एक चर एकदा भरला की त्यात ५४० लिटर पाणी मावते. एक हेक्टर जमिनीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर अडीच लाख लिटर पाणी येते. म्हणजे एका हेक्टरवरचा एक चांगला पाऊस पूर्ण अडवायचा तर असे साडेचारशेहून अधिक चर लागतील. पंधरा-वीस पाहुणी मुले, ज्यांच्या हातांना पहिल्याच दिवशी फोड येतात, ती यांतले कितीसे खणणार? तेव्हा त्यांच्या कुदळीने गावाचा दुष्काळ हटतो, असा भ्रम त्यांनीही बाळगू नये आणि आपणही त्यांना तसे भासवू नये.

पालीच्या परिसरात काय शिकता येईल?

मग त्यांच्या येण्याचे मोल कशात आहे? याचे उत्तर शोधण्यासाठी बीड शहराच्या दक्षिणेस, सोलापूर-धुळे महामार्गावर वसलेल्या पालीचा विचार करू. असा एखादा गट तेथे पूर्ण सत्रभर राहिला, तर त्याला काय दिसेल?

बालाघाटाच्या डोंगररांगेतून येणाऱ्या बिंदुसरा नदीवर पालीजवळ धरण आहे आणि त्याचे पाणी बीड शहराला पिण्यासाठी जाते. हीच नदी २३ जुलै १९८९ रोजी बीडमध्ये महापूर घेऊन आली होती. पाण्याचा दुष्काळ आणि पाण्याचा कोप हे एकाच नदीचे दोन चेहरे आहेत, हा पहिला धडा. पाली आणि बीड यांच्या दरम्यान खजाना बावडी आहे. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेल्या या विहिरीत भुयारी कालव्यातून पाणी येते आणि दुसऱ्या भुयारातून ते शेतीकडे जाते. ना पंप, ना वीज. केवळ उताराचा अचूक अंदाज. आपण 'मागास' म्हणतो त्या प्रदेशाने चारशे वर्षांपूर्वी पाणी कसे जपले, हा दुसरा धडा.

तिसरा धडा मात्र दिनदर्शिकेत दडलेला आहे आणि तो आठ दिवसांच्या सहलीत कधीच हाती लागत नाही. ऑगस्टच्या अखेरीस आलेल्या विद्यार्थ्यांना गाव भरलेले दिसेल. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवलेली दिसतील, गौरी-गणपतीला घरोघर बोलावणी येतील. दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. माणसांची मोजदाद अवजाराने होते. कार्तिकी पौर्णिमेला जवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपाशी भाविकांची गर्दी उसळते, पण तोवर अनेक गावांत वडीलधारी माणसे आणि त्यांच्याजवळ राहिलेली नातवंडेच उरतात. ज्या मावशींनी पहिल्या आठवड्यात भाकरी थापायला शिकवले, त्यांच्याच दाराला नोव्हेंबरात कुलूप दिसते. पाणलोटाचे काम का करायचे, हे त्या कुलपाइतके स्पष्ट कोणताही ग्रंथ सांगणार नाही. डोंगरावर अडलेले पाणी म्हणजे गावात अडलेली माणसे होत.

शिक्षक कोण?

पालीपासून फार दूर नसलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. या प्रकल्पात अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर असलेल्या ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. पुढे देशविदेशांतून डॉक्टर आणि विद्यार्थी तेथे शिकण्यासाठी येऊ लागले, तेव्हा त्यांना शिकवणाऱ्यांमध्ये याच स्त्रिया होत्या. पाहुणा विद्यार्थी आणि गाव यांच्यातील योग्य नाते कोणते, हे येथे दिसून येते.

हे नाते उलटे झाले की उपक्रम बिघडतो. गरिबी पाहण्याची वस्तू होते, मुले छायाचित्रांची विषय होतात आणि चार दिवसांच्या कामाला 'सेवा' असे मोठे नाव मिळते. पालीतच एचआयव्हीबाधित मुलांचा सांभाळ करणारी 'इन्फंट इंडिया' ही संस्था आहे. अशा ठिकाणी जाणाऱ्या कोणत्याही पाहुण्याने, मग तो परदेशी असो वा आपल्यातला, कॅमेरा पिशवीतच ठेवावा. ज्या मुलांना आज लळा लावला त्यांना उद्या सोडून जायचे आहे, हेही विसरू नये.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. निसर्गाच्या ठेव्याबरोबर संस्कृतीचा ठेवाही धोक्यात आहे, असे त्यांनी त्यात सांगितले आहे. झाड वाचवताना त्या झाडाखाली बसणाऱ्या माणसाचे म्हणणे ऐकले नाही, तर संवर्धन अपुरेच राहते.

यजमानांनी काय करावे?

आपल्या धर्मग्रामात असा गट येणार असेल तर काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. व्हिसा येण्याच्या हेतूला साजेसा आहे ना, याची खात्री करावी आणि परदेशी पाहुण्याच्या निवासाची नोंद विहित मुदतीत करावी. कोणते काम करायचे हे गावाने, ग्रामसभेत बसून ठरवावे. ज्या कामावर गावकऱ्यांची मजुरी अवलंबून आहे, ते काम फुकट करून घेऊ नये. घरात पाहुणे ठेवणाऱ्या कुटुंबाला खर्चाचा योग्य मोबदला मिळावा. आपल्याकडे पाहुण्याकडून पैसे घेणे संकोचाचे वाटते, पण पंधरा आठवड्यांचा पाहुणा हा कुटुंबावरचा भार होऊ नये. विद्यार्थ्यांनी लिहिलेला अहवाल मराठीत करून गावात वाचला जावा. गावाविषयी काय लिहिले गेले, हे जाणण्याचा पहिला हक्क गावाचा आहे.

आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारावा. अमेरिकेतील मुलगा पोळ्याला बीड जिल्ह्यात असतो; वसई, पुणे किंवा मुंबईतील आपला मुलगा कधी तेथे गेला आहे काय? पुण्यात तो अमेरिकन उपक्रम सुरू झाला त्याच १९६९ साली भारत सरकारने राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. तिच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरांमुळे अनेक तरुणांना खेडे प्रथमच जवळून दिसले. सात दिवस थोडेच आहेत, पण ती सुरुवात होऊ शकते. आपल्या युवक मंडळांनी उन्हाळ्याच्या सुट्टीतील तीन आठवडे एकाच दुष्काळी गावाला द्यावेत, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गावी जावे, आणि दसऱ्यानंतर एकदा जाऊन कोणती दारे बंद आहेत ते पाहावे. त्यासाठी पारपत्र लागत नाही. भाषाही आपलीच आहे. लागते ती केवळ ऐकून घेण्याची तयारी.