गरिबीनं राखलेलं चर्च

ब्लायबरा (सफोक, इंग्लंड) :

लंडनहून ईशान्येला निघालेला ए-१२ हा रस्ता ब्लाइथ नदीच्या खाडीपाशी पोचला, की उंचवट्यावर एक अवाढव्य चर्च दिसू लागतं. भोवती लव्हाळी, चिखल आणि भरती-ओहोटीचं पाणी. गाव मात्र शोधावं लागतं, कारण वस्ती जेमतेम ३०० माणसांची. चर्चचं नाव होली ट्रिनिटी. पण सगळा परिसर त्याला ‘दलदलीतलं कॅथेड्रल’ म्हणतो. हे कौतुकाचं नाव झालं. इथे बिशपचं पीठ कधीच नव्हतं. हे एका गावाचं साधं पॅरिश चर्च आहे.

एवढ्याशा गावाला एवढं चर्च कशाला, याचं उत्तर नदीत सापडतं. पंधराव्या शतकात ब्लायबरा हे गजबजलेलं बंदर होतं. मासळी, लोकर आणि समुद्री व्यापार यांतून पैसा येत होता, आणि मेल्यावर आत्म्याचे हाल कमी व्हावेत म्हणून सधन माणसं मृत्युपत्रात चर्चच्या नावे रकमा लिहून ठेवत. मनोरा आधीचा ठेवून बाकीचं चर्च या काळात नव्यानं उभं राहिलं. पण जहाजं मोठी होत गेली आणि नदी गाळानं भरत गेली. आठव्या हेन्रीनं मठ बरखास्त केले, तेव्हा १५३७ मध्ये इथला ऑगस्टिनियन मठही बंद झाला. १६७६ च्या आगीत गावाची बरीच घरं गेली. बंदर संपलं, चर्च तेवढं उरलं.

सफोकमध्ये बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही. मिळते ती गारगोटी. म्हणून भिंती गारगोटीच्या आणि खिडक्यांच्या चौकटींपुरता घडीव दगड बाहेरून आणलेला. गारगोटी फोडून तिची काळी, चकचकीत बाजू दर्शनी लावायची आणि पांढऱ्या दगडात नक्षी भरायची, ही इथल्या गवंड्यांची खासियत. शैली उत्तर गॉथिक, इंग्लंडमध्ये तिला ‘पर्पेंडिक्युलर’ म्हणतात : उभ्या रेषा, सडपातळ खांब आणि भिंतीत मावतील तेवढ्या खिडक्या. लोकांच्या बसण्याचा मोठा भाग म्हणजे नेव्ह आणि पूर्वेकडचा वेदीचा भाग म्हणजे चॅन्सेल, आपल्या गाभाऱ्यासारखा. इथे दोहोंच्या मध्ये कमान नाही. एकच लाकडी छत या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं, आणि त्याच्या मध्यावर पाठीला पाठ लावून पंख पसरलेले देवदूत आहेत. पाचशे वर्षांपूर्वीचा लाल-हिरवा रंग फिकटला असला, तरी दिसतो. बाकांच्या टोकांवर पापांच्या मूर्ती कोरल्या आहेत : आळस अंथरुणात पडलेला, खादाडपणा पोट सांभाळत बसलेला. वाचता न येणाऱ्यांसाठी ही शिकवण होती, आणि कोरणाऱ्यानं ती मजेत कोरली आहे.

४ ऑगस्ट १५७७ रोजी रविवारची प्रार्थना चालू असताना वीज पडली. मनोऱ्याचं टोकदार शिखर छतातून आत कोसळलं; एक पुरुष आणि एक मुलगा ठार झाले. लोकांनी ठरवलं, की काळ्या कुत्र्याच्या रूपात सैतानच आला होता. उत्तरेकडच्या दारावरचे जळके डाग त्याच्या नखांचे म्हणून आजही दाखवतात. शिखर पुन्हा बांधलं गेलं नाही.

पुढचा घाव माणसाचा. इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळात प्युरिटन पक्षाचा विल्यम डाउसिंग हा अधिकारी चर्चमधल्या ‘अंधश्रद्धेच्या’ मूर्ती आणि चित्रं काढून टाकत पूर्व इंग्लंडभर फिरत होता. त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. १६४४ च्या एप्रिलमध्ये त्यानं इथले वीस देवदूत आठ दिवसांत उतरवण्याचा हुकूम दिला. छतापर्यंत परांची बांधायचा खर्च कोण करणार? देवदूत राहिले. त्यांच्या लाकडात शिशाच्या गोळ्या सापडल्या, तेव्हा संशय प्युरिटन शिपायांवर गेला. त्या गोळ्या निघाल्या अठराव्या शतकातल्या. छतात घरटी करणाऱ्या कावळ्याच्या जातीच्या पक्ष्यांवर त्या झाडल्या होत्या, आणि दारूगोळ्याचा खर्च गावाच्या हिशेबवहीत मांडलेला आहे.

श्रीमंत गावांनी एकोणिसाव्या शतकात आपापली चर्चं ‘मूळ रूपात’ आणण्याच्या उत्साहात जुनं प्लास्टर खरवडलं, बाकं फेकली, खिडक्या बदलल्या. ब्लायबराला ते परवडण्याजोगं नव्हतं. पावसात लोक छत्र्या उघडून प्रार्थनेला बसत, असं सांगतात. १८८१ मध्ये इमारत धोकादायक ठरून बंद झाली. दुरुस्ती निघाली, तेव्हा कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसनं १८७७ मध्ये स्थापन केलेली जुन्या वास्तूंच्या रक्षणाची संस्था मध्ये पडली. जे आहे ते टिकवा, नवं जुनं म्हणून उभं करू नका, हे तिचं म्हणणं. वाद बराच झाला. पण नूतनीकरणाचा वरवंटा इथे फिरला नाही. आपल्याकडे देवळांच्या कातळावर ऑइलपेंट चढवून जीर्णोद्धार साजरा करणाऱ्यांनी हा वाद अभ्यासण्यासारखा आहे.

आता खर्चाचं काय? पूर्वी नेव्हची डागडुजी गावकऱ्यांकडे आणि चॅन्सेलची रेक्टरकडे, म्हणजे चर्चच्या उत्पन्नाच्या हक्कदाराकडे असे. कोणत्याही पंथाच्या घरमालकाला चर्चपट्टी भरावी लागे. ती सक्ती १८६८ मध्ये गेली. चर्च ऑफ इंग्लंड हा राजमान्य धर्मपंथ असला, तरी सरकार त्याच्या पाद्र्यांना पगार देत नाही. अनुदानं अर्ज करून मिळवायची, उरलेला भार देणग्या, जत्रा आणि मैफली यांच्यावर. १९६९ मध्ये जवळच्या स्नेप गावातलं संगीत सभागृह जळालं, तेव्हा संगीतकार बेंजामिन ब्रिटननं आल्डबरा महोत्सवातला मोत्सार्टचा ‘इडोमेनेओ’ हा ऑपेरा याच छताखाली केला. आजही इथे मैफली होतात.

दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञानं तपासणी करायची, आणि लक्षणीय बदलासाठी धर्मप्रांताची परवानगी घ्यायची, असा नियम आहे. रोजची जबाबदारी चर्चवॉर्डनांवर, म्हणजे दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या बिनपगारी पंचांवर. त्यांच्या निवडणुकीत प्रार्थनेला येणाऱ्यांप्रमाणेच त्या पॅरिशमध्ये राहणारा, स्थानिक मतदारयादीत नाव असलेला कोणीही मत देऊ शकतो. धर्म विचारला जात नाही. राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून इथे रीतसर राहणाऱ्या भारतीयांना या यादीत नाव घालता येतं. म्हणजे उद्या साताऱ्याचा एखादा डॉक्टर ब्लायबरात राहायला आला, तर या चर्चचे वॉर्डन कोण असावेत, हे ठरवण्यात त्याचाही वाटा असेल. आणि गळक्या छताची वर्गणी मागायला लोक त्याच्याही दाराशी येतील.