राजद्रोहाची शिक्षा : मंडालेपासून कलम १५२ पर्यंत

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई हायकोर्टात ज्यूरीने लोकमान्य टिळकांना सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले. खटला ‘केसरी’तल्या मराठी लेखांवर होता आणि दोषी म्हणणाऱ्या सातही गोऱ्या ज्युररांना मराठी येत नव्हते. विरोधात गेलेले दोघे पारशी होते. ज्यूरीपुढे होते ते सरकारी भाषांतर. त्यातल्या शब्दाशब्दावर टिळक दिवसच्या दिवस बोलले होते. न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षे काळेपाणी आणि हजार रुपये दंड ठोठावला. याच दावरांनी १८९७ च्या खटल्यात बॅरिस्टर म्हणून टिळकांसाठी जामीन मागितला होता आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो दिला होता. आता टिळकांसाठी जिनांनी मागितलेला जामीन दावरांनीच नाकारला. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना १९१२ मध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. ती शिक्षा निकालपत्रात कुठेच लिहिलेली नव्हती.

राज्याविरुद्धच्या गुन्ह्यांची शिक्षा मोजताना आपण वर्षे मोजतो. माझ्या मते, त्याआधी कलमाचा आवाका मोजायला हवा. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात राजद्रोहाचे कलम होते. १८६० च्या दंडसंहितेतून ते गळले आणि १८७० मध्ये १२४अ म्हणून परत आले. १८९७ मध्ये न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले, की सरकारविषयी प्रीती नसणे हीच अप्रीती. टिळकांना १८ महिने सक्तमजुरी झाली आणि पुढच्याच वर्षी सरकारने ‘द्वेष’ आणि ‘तुच्छता’ हे शब्द कलमात घालून ते आणखी रुंद केले.

शेजारचे १२१ कलम राज्याविरुद्ध युद्ध पुकारण्याचे होते. त्याला फाशी किंवा जन्मठेप होती. त्याचा कट केला तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद होती. १९२१ पर्यंत १२१ खाली दोषी ठरलेल्याची सगळी मालमत्ताही जप्त होई. १९०९ मध्ये नाशिकच्या बाबाराव सावरकरांना कवितांची पुस्तिका छापल्याबद्दल याच कलमाखाली जन्मठेप झाली. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत माणसे मारणाऱ्या कसाबला ज्या गुन्ह्यांसाठी फाशी सुनावली गेली, त्यांतही हे कलम होते. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात त्याला फाशी दिली. कविता आणि रायफल एकाच कलमात मावतात, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

स्वातंत्र्यानंतर १२४अ राहिलेच. केदारनाथ सिंह खटल्यात १९६२ साली सुप्रीम कोर्टाने त्याला वेसण घातली : हिंसेला किंवा सार्वजनिक अशांततेला चिथावणी असेल तरच गुन्हा. पण १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हा गुन्हा दखलपात्र केला. इंग्रजांच्या राजवटीत पोलिसांना वॉरंटशिवाय यात अटक करता येत नव्हती. आपल्या राज्यात ती करता येऊ लागली. २०१२ मध्ये मुंबईत व्यंगचित्रांवरून असीम त्रिवेदींना अटक झाली. २०१५ मध्ये हायकोर्टात राज्य सरकारने कबूल केले, की हे कलम लावण्याआधी कायदा अधिकाऱ्याचे लेखी मत घेतले जाईल. त्यानंतर काढलेले परिपत्रक वादात सापडले आणि मागे घ्यावे लागले.

११ मे २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने १२४अ स्थगित ठेवले. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १५२ मधून सरकारविषयीचा द्वेष वगळला आहे आणि कृत्य जाणूनबुजून किंवा हेतुपुरस्सर असावे, अशी अट आहे. हा बदल चांगलाच. पण या कलमात गुन्हा ठरवलेल्या ‘विघातक कारवाया’ म्हणजे काय, हे तिथे सांगितलेले नाही. आधी जन्मठेप किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होती. आता जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत, वर दंड.

आरोपीचे आयुष्य मात्र निकालाच्या खूप आधीपासून अडकते. फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. जोडीला बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा (यूएपीए) लावला, तर आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळते आणि आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन मिळत नाही. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली, की सुटकेनंतर सहा वर्षांपर्यंत निवडणूक लढवता येत नाही. निर्दोष सुटलेल्याला गेलेली वर्षे कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही.

शस्त्र घेऊन राज्यावर चालून येणाऱ्याला कठोर शिक्षा हवी, यात मला शंका नाही. पण लिहिणाऱ्या-बोलणाऱ्याला त्याच्या रांगेत उभे करू नये. हिंसेच्या चिथावणीची अट कलम १५२ मध्येच स्पष्ट लिहा, ‘विघातक’ची व्याख्या करा आणि कायदा अधिकाऱ्याच्या लेखी मताशिवाय अटक नको. आपल्या खासदाराकडे एवढी मागणी प्रत्येक वाचकाने करावी.