किताच्या कानशिलावरचे केस

किताच्या कानशिलापाशी नजर न्या. कपाळ संपून केस सुरू होतात तिथं एकेक केस सुटा दिसतो, मिलिमीटरभर जागेत दोन-तीन मावतील इतका बारीक. ही रेघ कुंचल्याची वाटते, पण ती उमटली आहे लाकडाच्या ठशातून!

किता ही एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, चहाच्या दुकानात चहा देणारी मुलगी. १७९३ च्या सुमारास कितागावा उतामारोनं तिचं चित्र काढलं आणि छापील कागदांवरून तिचा चेहरा शहरभर पोचला. सुंदर स्त्रियांच्या अशा चित्रांना जपानीत ‘बिजिन-गा’ म्हणतात.

चित्रकार पातळ कागदावर काळ्या शाईनं रेखाटन करायचा आणि त्याचं काम तिथं जवळजवळ संपायचं. कोरणारा कारागीर तो कागद चेरीच्या फळीवर उपडा चिकटवून कागदासकट लाकूड कोरायचा. कोरता कोरता रेखाटन नाहीसं व्हायचं. म्हणजे या चित्रांना जपून ठेवावी अशी ‘मूळ प्रत’च नाही. ठशावरून उमटलेला प्रत्येक कागद हेच चित्र.

आणि केस? ते कोरत नाहीतच. केसाच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकतात. मध्ये जी उभी धार उरते, तो केस. हात किंचित घसरला की केस तुटला. म्हणून चेहरा आणि केस मुरलेल्या कारागिराकडे असत, किमोनोवरची नक्षी शिकाऊंकडे.

१७६५ पासून सुझुकी हारुनोबुच्या चित्रांनी अनेकरंगी छपाईची वाट मोकळी केली. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून ठशाच्या कडेला दोन खाचा असतात. ठशावर रंग लावून वर ओलसर कागद ठेवायचा आणि बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या चकतीनं पाठीमागून घासायचं. छापयंत्र नाहीच. किताच्या गोऱ्या चेहऱ्याला तर रंगही नाही. तिची कांती म्हणजे कोरा कागद!

तांबडा रंग यायचा करडईच्या पाकळ्यांतून. हो, आपल्या सोलापूर-मराठवाड्याच्या रानात पिवळी-केशरी फुलते तीच करडई. एक नाजूक निळा यायचा त्सुयुकुसाच्या फुलातून, म्हणजे आपल्या केन्याच्याच भावंडातून. हा निळा पाणी आणि उजेड सोसत नाही. त्यामुळे जुन्या प्रतींमधली निळी-जांभळी वस्त्रं आज पिवळट-करडी दिसतात. बोस्टनच्या कलासंग्रहालयाला १९२१ मध्ये स्पॉल्डिंग बंधूंनी सुमारे ६,५०० चित्रं दिली ती एका अटीवर : ती कधीही भिंतीवर लावायची नाहीत. त्या अंधारामुळेच त्यांचे रंग आजही ताजे आहेत.

मग उजेडात राहणाऱ्यांनी ते रंग पाहायचे कसे? इथं नव्यानं छापलेल्या प्रती कामी येतात. टोकियोतल्या अदाची या संस्थेत आजही कारागीर जुन्या चित्रांचे नवे ठसे हातानं कोरतात आणि हातानंच छापतात. हाशिगुची गोयो या चित्रकारानं उतामारोचा काळ असाच, जुन्या चित्रांच्या नव्या प्रती काढवून घेता घेता, आत्मसात केला. मग १९२० मध्ये त्यानं स्वतःचं चित्र छापून घेतलं : लांबसडक केस विंचरणारी स्त्री. पुढच्याच वर्षी तो गेला. त्या चित्रातले केस खांद्यावरून ओघळताना पाहिले की किताचं कानशील आठवतंच.

म्हणून नव्यानं छापलेल्या प्रतीला मी नुसती नक्कल म्हणत नाही. ती कोरताना चेरीच्या फळीवर पुन्हा एक कागद उपडा पडलेला असतो, पुन्हा रेखाटन कोरण्यात विरून जातं, आणि कुणीतरी श्वास रोखून एका केसाच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढत असतं.