जोत्याची उंची आणि रस्त्याची उंची

मृगापूर्वी घर शाकारून घेणे हा महाराष्ट्रातील कुटुंबांचा जुना रिवाज. कौले परतावयाची, पन्हळी साफ करावयाची, गच्चीच्या भेगा बुजवावयाच्या, आणि मग पावसाची वाट पाहावयाची. घराचा शत्रू आकाशातून उतरतो, या समजुतीवर ही सारी तयारी उभी आहे. ती चुकीची आहे असे नाही. परंतु अलीकडच्या काळात शहरांतील संसार ज्या पाण्याने मातीमोल केले ते छपरातून आलेले नाही. ते उंबरठ्यावरून आले, न्हाणीघरातील जाळीतून आले, आणि पुष्कळ ठिकाणी संडासाच्या भांड्यातून वर चढले.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांपलीकडे गेली. तेथे 45 फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. त्याच वर्षी 25 सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढा वस्त्यांत घुसला. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीने चिपळूण बुडविले. 25 जुलै 2024 रोजी पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले. या घटनांची कारणे वेगवेगळी असली, तरी तळमजल्यावरील कुटुंबाच्या दृष्टीने परिणाम एकच. अंथरूण, धान्य, मुलांची पुस्तके, शिलाई यंत्र, शीतकपाट, कपाटातील दस्तऐवज ही अनेक वर्षांची बचत काही तासांत चिखलात जाते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात ही हानी नीटशी उमटतही नाही, कारण साठविलेली संपत्ती नाहीशी झाली तरी ते उत्पन्न घटल्याचे लक्षण मानले जात नाही. उलट नवी गादी विकत घेतली की तेवढी विक्री वाढलेली दिसते!

घर पाण्यापासून सुरक्षित आहे की नाही हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरते. घराच्या जमिनीची पातळी आणि भोवतालच्या रस्त्याची पातळी यांत अंतर किती? जुने वाडे बांधणाऱ्या गवंड्यांना हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. कोकणात चिऱ्याचे उंच जोते आणि त्यावर ओटा, घाटावर दगडी पायऱ्या चढून मग दिंडी, ही केवळ शोभा नव्हती. राष्ट्रीय इमारत संहितेनेही जोते भोवतालच्या जमिनीपासून किमान 45 सेंटिमीटर उंच असावे असे सांगितले आहे. नगरपालिका बांधकामाच्या वेळी जोते तपासते, तसे प्रमाणपत्र देते, आणि नंतर रस्त्याच्या प्रत्येक दुरुस्तीत तेच जोते आपण होऊन गिळत जाते. जुना थर न खरवडता त्यावर नवे डांबर ओतण्याची आपल्याकडील पद्धत सर्वपरिचित आहे. दर खेपेस पाच सेंटिमीटरचा थर चढला तर नऊ खेपांत जोते रस्त्याला समतल होते. जुन्या वस्त्यांत दोन पायऱ्या चढून जावयाच्या घरात आता दोन पायऱ्या उतरून जावे लागते, याचे कारण घर खचले हे नसून रस्ता चढला हे आहे. या नुकसानीची भरपाई कोणत्याही अंदाजपत्रकात नसते. मात्र ठेकेदाराच्या बिलात थराची जाडी काटेकोरपणे मोजलेली असते.

उंबरठ्यावरचे पाणी निदान दिसते. मलवाहिनीतून येणारे पाणी दिसत नाही आणि म्हणूनच अधिक घातक ठरते. त्याचा नियम सोपा आहे. रस्त्यावरील चेंबरमध्ये पाणी जितके चढेल तितकेच ते त्या वाहिनीला जोडलेल्या प्रत्येक नळात चढू पाहते. ज्या घरातील संडासाचे भांडे किंवा मोरी चेंबरच्या झाकणापेक्षा खाली आहे, त्या घरात वाहिनी तुंबताच मैलापाणी शिरणार. बाहेर रस्ता कोरडा असला तरीही शिरणार. कोल्हापुरात पंचगंगेचे पाणी काठ ओलांडून येण्याची वाट पाहत नाही. जयंती नाल्यातून ते उलटे शहरात येते. मुंबईत भरतीच्या वेळी समुद्राची पातळी पर्जन्यजलवाहिन्यांच्या अनेक मुखांपेक्षा वर असते. पाणी जावयाचे कोठे? तेथील जुन्या वाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या बेताने बांधलेल्या होत्या. ती क्षमता दुप्पट करण्याची ‘ब्रिमस्टोवॅड’ योजना 1993 मध्ये कागदावर आली. तिला खरी गती मिळण्यास 2005 चा प्रलय घडावा लागला.

यात नागरिकांचा वाटाही लहान नाही. गच्चीवरील पावसाचे नळ पर्जन्यवाहिनीत न सोडता जवळच्या मैलापाण्याच्या चेंबरमध्ये सोडणे हा सर्रास चालणारा प्रकार आहे. मलवाहिनीचा व्यास त्या इमारतीतील माणसांच्या नित्य वापराच्या हिशेबाने ठरविलेला असतो. तीत गच्चीवरचा संपूर्ण पाऊस ओतला की ती भरणारच. आणि भरल्यावर तिसऱ्या मजल्यावरील गृहस्थाने साखळी ओढली की त्याचा परिणाम तळमजल्यावरील बिऱ्हाडाच्या न्हाणीघरात दिसतो. अर्थशास्त्र ज्याला बाह्य परिणाम म्हणते, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण वर्गात देता येणार नाही.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. घरातून बाहेर जाणाऱ्या नळावर एकाच दिशेने उघडणारी झडप, म्हणजे नलकारांच्या भाषेतील नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, बसविली की बाहेरचे पाणी आत येत नाही. घरगुती नळाला लागणारी झडप काही हजार रुपयांत बसते. परंतु ती कोठे बसवावयाची यालाच महत्त्व आहे. संपूर्ण इमारतीच्या शेवटच्या चेंबरवर ती लावली, तर पूर आला असता झडप मिटते, वरच्या मजल्यांचे पाणी आतच साठते आणि सर्वांत खालच्या भांड्यातून बाहेर पडते. रोग तोच, फक्त परक्याच्या ऐवजी शेजाऱ्याचा. म्हणून तळमजल्याची वाहिनी वेगळी काढून तिच्यावरच झडप असावी, आणि पावसाळ्यापूर्वी ती उघडून तिच्यात अडकलेल्या चिंध्या व केस काढावेत. अर्धवट मिटलेली झडप नसल्यासारखीच. झडप नसेल तेथे घट्ट बसणारे रबरी बूचही चालते. दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळात एक मीटर पाण्याचा दाब सुमारे आठ किलो वजनाइतकाच असतो. दारात फळी आणि वाळूची पोती रचून नळ मात्र उघडे ठेवणे हा श्रमाचा निव्वळ अपव्यय होय. पाणी तीन फुटांच्या वर चढू लागले तर साध्या विटांच्या भिंतीबाहेर ते अडवून धरणेही धोक्याचे. भिंत कोसळण्यापेक्षा पाणी आत आलेले बरे. विजेचे मीटर व बटणे उंचावर घेणे, भूमिगत टाकीचे तोंड पुराच्या पातळीच्या वर उचलणे, ही कामेही त्याच यादीतील.

मग इतक्या स्वस्त गोष्टी होत का नाहीत? अज्ञान हे कारण थोडे. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा हे खरे कारण. चाळीच्या मालकाला जुने भाडे इतके अपुरे की तो खिळाही ठोकणार नाही, आणि भाडेकरू परक्याच्या भिंतीत पैसा का घालील? सहकारी गृहनिर्माण संस्थेत सांडपाण्याच्या वाहिन्यांची दुरुस्ती ही संस्थेची जबाबदारी. परंतु सर्वसाधारण सभेत तळमजल्याची घरे चार आणि वरची वीस असली, की वाहिनीपेक्षा प्रवेशद्वाराची कमान आधी मंजूर होते. बहुमताने घेतलेला निर्णय नेहमी न्याय्य असतो असे नाही, याचा प्रत्यय येण्यासाठी विधानसभेत जाण्याची गरज नाही. शिवाय एकट्याने केलेला उपाय शेजाऱ्यावर उलटतो. एकाने अंगणात भराव घालून घर उचलले की त्याच्या वाट्याचे पाणी शेजारच्या अंगणात जाते. मग तोही भराव घालतो, आणि शेवटी गल्लीतील सर्वांत गरीब घर त्या गल्लीचे तळे बनते.

घर घेतानाच सावध राहावे, असा उपदेश सोपा आहे. जलसंपदा विभाग नदीकाठी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतो. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोहोंच्या मध्ये निर्बंध. पण किती खरेदीदारांना विक्रेत्याने हा नकाशा दाखविला असेल? शिवाय 25 वर्षांचा पूर म्हणजे तो 25 वर्षांनीच येतो असे नव्हे. दरवर्षी त्याची शक्यता शेकडा चार. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो निदान एकदा येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक आहे. कर्ज देणारी बँक घराचे मूल्यांकन करते, मालकीहक्काचा शोध घेते. पूररेषेचा उतारा मात्र मागताना आढळत नाही.

राहिली भरपाई. 2022 मध्ये लागू झालेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत सपाट प्रदेशातील पूर्णतः पडलेल्या घरासाठी 1 लाख 20 हजार रुपये आणि अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घरासाठी 6,500 रुपये धरलेले होते. अंशतः म्हणजे किमान शेकडा पंधरा. भिंती शाबूत राहिल्या आणि आतला संसार गेला, तर कपडे व भांड्यांसाठी प्रत्येकी अडीच हजार. ही मदत आहे, भरपाई नव्हे. 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित विमा योजना सर्वसाधारण विमा कंपन्यांना देणे बंधनकारक झाले. तीत पूर आणि फुटलेल्या नळांचे पाणी दोन्ही येतात, आणि घरातील सामानाचाही समावेश होतो. मोटारीचा विमा न चुकता भरणारा मध्यमवर्गीय घराचा विमा उतरवीत नाही, याचे एक कारण मोटारीसाठी कायदा आहे हे असावे.

करता येण्याजोगे पुष्कळ आहे. हिंदमाता परिसरासाठी मुंबई महापालिकेने भूमिगत साठवण टाक्या बांधल्या; असे मोठे काम प्रत्येक गल्लीत शक्य नाही. परंतु जुना थर खरवडल्याशिवाय नवा घालू नये, कामाआधी व नंतर रस्त्याची पातळी मोजून लगतच्या जोत्यांसह प्रभाग कार्यालयात लावावी, आणि पातळी वाढली तर वाढीचा थर ठेकेदाराने स्वखर्चाने काढावा, एवढ्याला नवा निधी लागत नाही. तळमजल्याच्या वाहिनीवर झडप बसविणाऱ्या घराला मालमत्ता करात एका वर्षाची थोडी सूट द्यावी. पुरानंतरच्या पंचनाम्यांपेक्षा ती स्वस्त पडेल. गच्चीचे नळ मैलावाहिनीत सोडणाऱ्या इमारतींची तपासणी तर पावसाच्या पहिल्या तासात चेंबरचे झाकण उघडून करता येते. त्यासाठी महापालिकेचा एक अभियंता आणि एक छत्री पुरे.