उंचीने, चुन्याने आणि गरिबीने राखलेले चर्च

खास प्रतिनिधी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सफोक परगण्यात ब्लाइथ नावाची एक लहानशी नदी आहे. समुद्राला मिळण्यापूर्वी ती लव्हाळ्यांनी भरलेल्या सखल, पाणथळ प्रदेशात पसरते. या दलदलीच्या काठी, काहीशे वस्तीच्या ब्लाइथबरा या खेड्यात सव्वाशे फुटांहून अधिक लांबीचे एक भव्य चर्च उभे आहे. त्याचे नाव होली ट्रिनिटी. परंतु ‘दलदलीचे कॅथेड्रल’ या नावानेच ते अधिक ओळखले जाते.

हे चर्च पाहणाऱ्याला दोन प्रश्न पडतात. एवढ्याशा खेड्याला एवढे मोठे चर्च कशासाठी लागले, हा पहिला. दुसरा प्रश्न आत गेल्यावर पडतो. छताच्या मधोमध पंख पसरलेले लाकडी देवदूत आहेत, त्यांच्यावरील जुन्या रंगांच्या खुणाही दिसतात. भिंती मात्र कोऱ्या आणि पांढऱ्या आहेत, खिडक्यांतील रंगीत काच वरच्या कोपऱ्यांतील काही तुकड्यांपुरतीच उरली आहे. वरचे वाचले आणि खालचे गेले, असे का झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मध्ययुगीन इंग्लंडमधील ग्रामीण चर्च कसे घडले, कसे मोडले आणि कसे टिकले, याचा सगळा इतिहासच उलगडत जातो.

गावाचे चर्च, गावाचा पैसा

मध्ययुगात इंग्लंडमधील प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या ‘पॅरिश’चा घटक असे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील गाव अथवा वाड्यावस्त्यांचा समूह. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या तिन्ही गोष्टी तेथेच होत आणि शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्साही चर्चला द्यावा लागे.

चर्चच्या इमारतीचे मुख्य भाग दोन. आपल्याकडील मंदिरात जसा सभामंडप आणि गाभारा असतो, साधारण तशीच ही विभागणी होती. लोक ज्या लांबट दालनात उभे राहत ते ‘नेव्ह’ आणि पूर्वेकडील, वेदी असलेला पुरोहितांचा भाग म्हणजे ‘चॅन्सेल’. चॅन्सेलच्या देखभालीची जबाबदारी चर्चचे उत्पन्न घेणाऱ्या धर्माधिकाऱ्यावर अथवा मठावर असे, तर नेव्हची गावकऱ्यांवर. ब्लाइथबरा येथे चॅन्सेल ऑगस्टिनियन पंथाच्या स्थानिक मठाकडे होते. ते नव्याने बांधण्याची परवानगी या मठाला १४१२ साली मिळाली आणि पंधराव्या शतकात जुन्या मनोऱ्याला जोडून संपूर्ण चर्चच नव्याने उभे राहिले.

त्या काळी ब्लाइथबरा हे बाजारपेठेचे गाव होते आणि नदीतून समुद्रापर्यंत नौका जात. लोकर, कापड आणि मासळी यांच्या व्यापाराने पूर्व इंग्लंडमध्ये पैसा खेळत होता. तो चर्चकडे वळण्यास मात्र श्रद्धाही तितकीच कारणीभूत होती. मृत्यूनंतर आत्म्याला शुद्धिस्थानात यातना भोगाव्या लागतात आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्या कमी होतात, अशी तेव्हाची शिकवण होती. १३४८-४९ च्या प्लेगच्या महासाथीनंतर मृत्यूचे हे भान अधिकच तीव्र झाले होते. म्हणून व्यापारी मृत्युपत्रात खिडकीसाठी, छतासाठी, बाप्तिस्म्याच्या कुंडासाठी पैसे ठेवत आणि त्या वस्तूवर आपल्या नावासह ‘आमच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा’ असे लॅटिनमध्ये कोरून घेत. हे शब्दच पुढे घातक ठरणार होते.

चकमकीचा दगड आणि उजेडाची भिंत

सफोकमध्ये बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही. मिळतो तो चकमकीचा काळसर दगड. तेथील गवंड्यांनी या उणिवेतूनच एक कला निर्माण केली. चकमकीचा गोटा फोडून त्याचा गुळगुळीत, चकाकणारा पृष्ठभाग बाहेर ठेवायचा आणि दूरवरून आणलेल्या फिकट चुनखडकाच्या चौकटींत तो बसवायचा. या पद्धतीला ‘फ्लशवर्क’ म्हणतात. ब्लाइथबरा चर्चच्या पूर्वेकडील बाह्य भिंतीवर मुकुटधारी अक्षरांची ओळ याच पद्धतीने साकारलेली आहे.

चर्चची शैली ‘पर्पेंडिक्युलर’ या नावाने ओळखली जाते. सडपातळ खांब, उभ्या रेषांवर भर आणि भिंतीपेक्षा खिडकीला अधिक जागा ही तिची लक्षणे. नेव्हच्या दोन्ही अंगांच्या कमानींवर, छताच्या लगेच खाली, प्रत्येक बाजूस १८ खिडक्यांची रांग आहे. या वरच्या मजल्याला ‘क्लिअरस्टोरी’ म्हणतात. नेव्ह आणि चॅन्सेल यांच्यामध्ये येथे कमान नाही. एकच छत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबड्या-हिरव्या रंगांतील फुले आणि ख्रिस्तनामाची अक्षरे त्यावर रंगविलेली असून, मधल्या तुळईवर पाठीला पाठ लावून देवदूतांच्या जोड्या बसविलेल्या आहेत.

खाली बाकांच्या कडांवर कोरलेल्या लाकडी मूर्ती अधिक मानवी आहेत. अंथरुणात उठून बसलेला आळस, सुटलेले पोट धरून बसलेला खादाडपणा, पैशांच्या पेटीवर ठाण मांडलेला लोभ. सप्त महापापे, दयेची कृत्ये आणि वर्षभरातील शेतीची कामे असा हा पट आहे. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याला धर्मशिक्षण मिळे ते पुरोहिताच्या प्रवचनातून आणि अशा चित्रांतून.

श्रद्धेची अंधश्रद्धा झाली

सोळाव्या शतकात हे सारे बदलले. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये रोमच्या पोपशी संबंध तोडले. ब्लाइथबराचा मठ १५३७ मध्ये बंद झाला आणि चॅन्सेलचा आश्रयदाता गेला. सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, १५४७ पासून, चर्चमधील मूर्ती आणि चित्रे हटविण्याचे आदेश निघाले. शुद्धिस्थानाची शिकवण नाकारली गेली, त्याबरोबर मृतांसाठी प्रार्थना करणेही चूक ठरले. आजोबांनी पुण्य म्हणून दिलेली खिडकी नातवाच्या काळात अंधश्रद्धेचा पुरावा ठरली.

संकटे येथेच संपली नाहीत. ४ ऑगस्ट १५७७ रोजी रविवारची उपासना सुरू असताना वादळात मनोऱ्याचा कळस कोसळून जीवितहानी झाली. त्याच वर्षी निघालेल्या एका पुस्तिकेने हे कृत्य काळ्या सैतानी कुत्र्याचे ठरविले. उत्तरेकडील दरवाजावरील जळकट खुणा त्याच्या नखांच्या म्हणून आजही दाखविल्या जातात.

अखेरचा घाव यादवी युद्धाच्या काळात पडला. चर्चमधील ‘अंधश्रद्धेची स्मारके’ नष्ट करण्यासाठी संसदेच्या बाजूने विल्यम डाउसिंग या सफोकच्याच शेतकऱ्याची १६४३ च्या अखेरीस नेमणूक झाली. केंब्रिजशायर आणि सफोकमधील अडीचशेहून अधिक ठिकाणांना त्याने भेटी दिल्या. कुठे काय फोडले याची रोजनिशी ठेवली आणि या कामाचे शुल्कही बहुधा गावाकडूनच, ६ शिलिंग ८ पेन्स या दराने, वसूल केले. त्याला लूट करायची नव्हती; मूर्तिपूजा ही देवाची आज्ञा मोडणे होय, अशी त्याची प्रामाणिक धारणा होती. ९ एप्रिल १६४४ रोजी तो ब्लाइथबरा येथे आला. चित्रे फोडली गेली, प्रार्थनेची याचना करणारे लेख उखडले गेले. २० देवदूत उतरवावेत, असा आदेश देऊन तो पुढे गेला.

हा आदेश पूर्णपणे पाळला गेला नाही. देवदूत उंचावर होते आणि ते उतरवायचे तर परांची बांधणे आले. त्यांच्या अंगात बंदुकीचे छर्रे आढळल्यामुळे डाउसिंगच्या माणसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, असे दीर्घकाळ मानले जात होते. परंतु छर्रे अठराव्या शतकातील निघाले. चर्चच्या १७६१ च्या हिशेबात छतावरील जॅकडॉ जातीचे कावळे मारण्यासाठी दारूगोळ्याचा खर्चही नोंदलेला आहे.

पावसाने धुतलेले चित्र

उंचीने देवदूत वाचविले, तर शेजारच्या गावातील चित्र चुन्याने वाचविले. ब्लाइथबरापासून दोन-तीन मैलांवर वेनहॅस्टन हे खेडे आहे. तेथील चर्चमध्ये नेव्ह आणि चॅन्सेल यांच्यामधील कमानीत लाकडी फळ्यांवर, १५०० च्या आसपास, अंतिम न्यायाचे चित्र रंगविण्यात आले होते. इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त, तराजूत आत्मे तोलणारा संत मायकल, जबडा वासलेला नरक आणि संत पीटरसमोर नग्नावस्थेत उभे असलेले राजा, राणी, बिशप व कार्डिनल. त्यांची ओळख पटते ती केवळ डोक्यावरील मुकुट-टोप्यांवरून. मृत्यूसमोर सारे सारखेच, हे याहून सोप्या पद्धतीने सांगता येणार नाही.

धर्मसुधारणेनंतर या चित्रावर चुना फासला गेला आणि राजसत्तेच्या आज्ञेत राहावे, अशा आशयाची बायबलमधील वचने तेथे लिहिण्यात आली. १८९२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी जुन्या, निरुपयोगी फळ्या म्हणून हे लाकूड आवारात टाकून देण्यात आले. रात्री पाऊस आला. चुना धुऊन निघाला आणि सकाळी चित्रातील आकृती लोकांसमोर आल्या. मधोमध मात्र काही जागा कोऱ्या आहेत. एकेकाळी तेथे क्रूसावरील ख्रिस्त, मेरी आणि जॉन यांच्या लाकडी मूर्ती बसविलेल्या होत्या. मूर्ती गेल्या, त्यांचे रिकामे आकार राहिले.

दुरुस्तीचे संकट

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला मध्ययुगीन चर्चचे नव्याने वेड लागले. जुन्या पॅरिश चर्चची मोजमापे घेऊन त्याच धर्तीवर नवी चर्च बांधली जाऊ लागली. या लाटेचे एक रूप मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. १८५८ मध्ये पूर्ण झालेले कुलाब्याचे अफगाण चर्च हे याच गॉथिक पुनरुज्जीवनाचे अपत्य होय. परंतु या उत्साहाची दुसरी बाजूही होती. ‘मूळ रूप’ देण्याच्या नादात शेकडो जुन्या चर्चमधील भिंती खरवडल्या गेल्या, छते बदलली गेली. याला विरोध म्हणून कवी आणि कलावंत विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली.

ब्लाइथबरा चर्च या लाटेतून बरेचसे सुटले, ते गरिबीमुळे. नदी गाळाने भरत गेली, बंदर संपले, व्यापार गेला आणि एवढ्या मोठ्या इमारतीचा कायापालट करण्याइतका पैसा गावाकडे उरला नाही. छत इतके गळू लागले की, लोक छत्र्या उघडून उपासनेला बसत, असे सांगितले जाते. १८८१ मध्ये इमारत धोकादायक ठरवून बंद करण्यात आली. दुरुस्ती कशी आणि किती करावी, यावर मॉरिस यांच्या संस्थेने हस्तक्षेप केला आणि वाद झडले. १८८४ मध्ये चर्च पुन्हा उघडले. जुने छत त्यावर होतेच.

आता कोण राखणार?

आज या वास्तूला संगीतानेही नवे आयुष्य दिले आहे. १९६९ मध्ये ऑल्डबरा संगीत महोत्सवाचे सभागृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा त्यातील कार्यक्रम याच चर्चमध्ये झाले. तरीही मूळ प्रश्न सुटलेला नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या ताब्यात सुमारे १६ हजार चर्च असून त्यांपैकी सुमारे साडेबारा हजार वास्तू वारसा म्हणून सूचिबद्ध आहेत. चर्चसाठी गावाकडून सक्तीने कर घेण्याची पद्धत १८६८ मध्येच रद्द झाली. त्यामुळे देखभालीचा मुख्य भार स्थानिक उपासकांवर आहे आणि त्यांची संख्या घटत चालली आहे. वारसा म्हणून नोंद झाली की इमारत पाडता येत नाही. पण गळक्या छतासाठी शिशाचे पत्रे आणि सुतारांची मजुरी त्या नोंदीतून मिळत नाही.

ब्लाइथबरा आणि वेनहॅस्टन येथे जे उरले, ते कोणी ठरवून जपले म्हणून नव्हे. शिडी पोहोचली नाही, चुना जाड होता, तिजोरी रिकामी होती. गळणाऱ्या छताखालील देवदूतांना मात्र यापुढे असा योगायोग वाचवू शकणार नाही. त्यासाठी वर्गणी गोळा करणारी माणसेच लागतील.